‘परत आणून ठेवणारच होतो’ : वाहनचोरीच्या कायद्यात हेतूचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, ‘इतिहासाच्या व्याख्यानात वाहनचोरी कशाला? ते तर पोलीस ठाण्याचं काम.’ प्रश्न रास्त आहे. पण कायद्याचा इतिहास म्हणजे नुसता सनदांचा आणि घटनासमित्यांचा इतिहास नव्हे. एखादा शब्द कायद्यात कधी आला, कुणी तो गाळला, आणि त्या एका शब्दापायी कोण तुरुंगात गेलं नि कोण घरी गेलं, हाही इतिहासच आहे. आज आपण अशाच एका साध्या शब्दाच्या मागे जाणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘कायमचं’.

आधी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. समजा, रात्री साडेदहाची वेळ आहे. शेजारच्या काकांची मोटारसायकल जिन्याखाली उभी आहे आणि किल्ली तिलाच राहून गेली आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा ती काढतो, मित्राला मागे बसवतो, महामार्गावरच्या टपरीवर चहा पिऊन परत निघतो. वाटेत नाकाबंदी लागते. इकडे काकांनी तोवर पोलिसांना फोन केलेला असतो. मुलगा काकुळतीला येऊन म्हणतो, ‘साहेब, परत आणून ठेवणारच होतो.’

आता बघा, हाच मुलगा हीच गाडी चार वेगवेगळ्या मनांनी काढू शकतो. एक, सुटे भाग करून भंगारात विकायला. दोन, तासभर फिरून जागेवर आणून ठेवायला. तीन, ‘काका नेहमीच देतात, आजही नाही म्हणाले नसते’ या भरवशावर. आणि चार, अंधारात आपल्या भावाची गाडी समजून. चारही वेळा किल्ली तशीच फिरते, चाकं तितकीच फिरतात, पेट्रोल तितकंच जळतं. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसणार नाही. फरक आहे तो मनात. आणि शिक्षा ठरते ती याच फरकावर.

घोडे आणि फाशी

मोटारीच्या आधी घोडा होता, म्हणून सुरुवात घोड्यापासून करू. १८०० च्या आसपासचा एक इंग्लिश खटला कायद्याच्या पुस्तकांत अजून सांगितला जातो. दोन माणसांनी एका तबेल्यातून दोन घोडे काढले आणि लेचलेड नावाच्या गावापर्यंत तीसेक मैल नेले. तिथे सराईत सोडले आणि स्वतः पुढे पायी निघाले. पकडले गेले. ज्युरीचा निष्कर्ष असा की, यांना घोडे विकायचे नव्हते आणि मालकाला परत नेऊन द्यायचेही नव्हते. यांना फक्त लेचलेड गाठायचं होतं. न्यायाधीश म्हणाले, मग ही चोरी नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेत केलेली आगळीक आहे, त्याची भरपाई मागा. पण चोरी व्हायला मालकाला त्याच्या वस्तूपासून कायमचं तोडण्याचा हेतू हवा.

हे ऐकून आज आपल्याला नवल वाटतं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्या काळी इंग्लंडात घोडेचोरीला फाशी होती. ती १८३२ मध्ये रद्द झाली. म्हणजे ‘कायमचं’ हा शब्द त्या दोघांच्या आणि फासाच्या दोरीच्या मध्ये उभा होता. शिक्षा जेव्हा अतोनात कडक असते, तेव्हा गुन्ह्याची व्याख्या अरुंद ठेवण्यात दया असते, असं आम्हाला वाटतं. पुढे फाशी गेली, व्याख्या मात्र तशीच राहिली. १९१६ च्या इंग्लिश कायद्यानेही चोरीच्या व्याख्येत तो शब्द जसाच्या तसा लिहून टाकला.

मेकॉलेने गाळलेला शब्द

आता आपण कलकत्त्याला जाऊ. १८३० च्या दशकात हिंदुस्थानात एकच एक फौजदारी कायदा नव्हता. आपल्या मुंबई इलाख्यात १८२७ ची एल्फिन्स्टनची विनियमसंहिता होती, त्यातला चौदावा विनियम गुन्ह्यांचा. पण मुंबई बेटावर, तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या हद्दीत, इंग्लिश कायदा चालायचा. म्हणजे माहीमची खाडी ओलांडली की कायदा बदलायचा! ही सरमिसळ मोडायला मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली विधी आयोग बसला. मुंबई इलाख्यातून त्यावर अँडरसन नावाचे अधिकारी होते. १८३७ मध्ये मसुदा तयार झाला. तो धूळ खात पडला, बार्न्स पीकॉकने तो पुन्हा तपासला, आणि १८६० मध्ये भारतीय दंड संहिता मंजूर झाली. १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. मेकॉले १८५९ च्या डिसेंबरातच वारला होता.

या संहितेचं ३७८ वं कलम म्हणजे चोरीची व्याख्या. साध्या भाषेत सांगायचं तर, दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिकपणे काढून घेण्याच्या इराद्याने जो हलवतो, तो चोरी करतो. बरं, ‘अप्रामाणिकपणे’ म्हणजे काय? तर एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या इराद्याने. आणि गैरलाभ-गैरहानीची जी व्याख्या २३ व्या कलमात दिली आहे, तिच्यात वस्तू बेकायदा मिळवणं तर आहेच, पण ती बेकायदा ठेवून घेणं किंवा मालकाला तिच्यापासून दूर ठेवणं हेही आहे.

यात ‘कायमचं’ हा शब्द कुठेच नाही. एक विचारी कायदेमंडळ पाटी कोरी करून लिहायला बसलं आणि त्याने इंग्लंडचा तो जुना शब्द घेतला नाही.

संहितेची एक मोठी गंमत म्हणजे तिची उदाहरणं. मूळ मसुद्यापासूनच ती कायद्याचा भाग म्हणून दिली गेली. वाटेत खजिन्याची पेटी पाठीवर असलेला बैल भेटतो, खजिना लाटायच्या इराद्याने माणूस बैलाला हाकतो. बैलाने पहिलं पाऊल टाकलं की खजिन्याची चोरी पूर्ण झाली. किल्ली फिरवून गाडी फूटभर पुढे गेली तरी चोरी का होऊ शकते, याचं उत्तर या बैलापाशी आहे. दुसरं उदाहरण, कुणी वस्तू उचलतो आणि मालकाने बक्षीस दिलं की परत करायची असं ठरवतो. इथे परत करायचं पक्कं ठरलेलं आहे, तरी ती चोरीच. आणि तिसरं आमच्या विशेष आवडीचं. मित्र घरी नसताना त्याच्या ग्रंथसंग्रहातून वाचायला पुस्तक नेलं, परत द्यायच्या इराद्याने. मित्राची मूक संमती आहे असं नेणाऱ्याला वाटलं असेल, तर चोरी नाही.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. परत करायचा हेतू दोन्हीकडे आहे. एकजण सुटतो, एक अडकतो. म्हणजे ‘परत देणार होतो’ हे वाक्य एकटं उभं राहत नाही. का नेलं आणि मालकाबद्दल मनात काय होतं, हे त्याला जोडून यावं लागतं.

मोटार आली आणि इंग्लंडची पंचाईत झाली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्त्यावर मोटारी आल्या. त्यांच्याबरोबर एक नवी करामत आली. कुणाची तरी मोटार काढायची, मनसोक्त हुंदडायचं आणि कुठेतरी सोडून द्यायची. इंग्लंडात सरकारी वकिलाची पंचाईत झाली. आरोपी म्हणणार, ‘मला ती कायमची नको होती,’ आणि ते खरंच असायचं! कायमची ठेवायची असती तर सोडून कशाला दिली असती? मग शक्कल निघाली. मोटारीच्या चोरीचा आरोप टिकत नाही ना, मग पेट्रोलच्या चोरीचा लावा. मोटार परत आली, पण जळलेलं पेट्रोल कायमचं गेलं. हसू येतं, पण कायद्याच्या व्याख्येत भोक पडलं की माणसं अशीच ठिगळं लावतात.

शेवटी १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यात ब्रिटिश संसदेने वेगळाच गुन्हा घातला. मालकाच्या संमतीवाचून मोटार नेणं आणि चालवणं. यात कायमचं तोडण्याचा हेतू सिद्ध करायची गरज नाही. मात्र एक दार उघडं ठेवलं. विचारलं असतं तर मालकाने होकार दिला असता, असं आरोपीला सकारण वाटत असेल, तर तो सुटेल. १९६८ मध्ये चोरीचा नवा कायदा आला, त्यातही ‘कायमचं’ कायम राहिलं आणि वाहन नेण्याचा गुन्हा बाराव्या कलमात वेगळा राहिला. आजही तिथे तीच रचना आहे.

जोधपूरचं विमान

आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल लागला तो मोटारीवरून नाही, थेट विमानावरून. हा खटला म्हणजे के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य.

मे १९५२. जोधपूरला हवाई दलाची अकादमी होती. तिथे दोन तरुण प्रशिक्षणार्थी होते. त्यातल्या एकाला गैरवर्तणुकीवरून १३ मे रोजी अकादमीतून काढून टाकलं. दुसरा नॅव्हिगेटरचं, म्हणजे विमानाला दिशा दाखवण्याचं शिक्षण घेत होता. १४ मे रोजी सकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान त्याचं डाकोटा विमानातून सरावाचं उड्डाण ठरलेलं होतं, तेही दुसऱ्या एका प्रशिक्षणार्थीबरोबर. काढून टाकलेला तरुण त्याच दिवशी आगगाडीने गाव सोडणार होता.

पण घडलं भलतंच. पहाटे पाचच्या सुमारास, ठरल्या वेळेच्या आधी, हे दोघे डाकोटा नव्हे तर हार्वर्ड जातीचं विमान घेऊन उडाले. परवानगी नाही, नोंदी नाहीत, ठरलेला सोपस्कार एकही नाही. विमान उतरलं ते पाकिस्तानात, सरहद्दीपासून सुमारे शंभर मैल आत. दोन दिवसांनी, १६ तारखेला, दोघे कराचीत भारतीय उच्चायुक्तालयाच्या लष्करी सल्लागाराला भेटले. म्हणाले, वाट चुकलो, शेतात उतरावं लागलं, आम्हाला दिल्लीला पोचवा. उच्चायुक्तालयाने त्यांची व्यवस्था केली, विमान परत आणण्याचीही केली. दिल्लीच्या वाटेवर त्यांचं विमान जोधपुरात थांबलं आणि तिथेच दोघांना अटक झाली.

आरोप काय ठेवला? देशद्रोह नाही, हेरगिरी नाही. कलम ३७९. साधी चोरी!

विमान कुणी विकलं नव्हतं. ते सरकारला परत मिळालंच होतं. बचाव पक्षाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. आम्ही प्रशिक्षणार्थी, विमान चालवणं हे आमच्या शिक्षणातच आलं, तेव्हा मूक संमती होतीच. फार तर शिस्तभंग झाला. वाट चुकली. आणि विमान कायमचं लाटायचा हेतू नव्हता, मग चोरी कशी?

हा खटला खालून वर जात सर्वोच्च न्यायालयात पोचला. ११ फेब्रुवारी १९५७ रोजी न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी निकाल लिहिला. त्यात त्यांनी तीन गोष्टी सुट्या केल्या, आणि कायद्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याने हे सुटं करणं शिकण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, संमती. प्रशिक्षणार्थीला नेमून दिलेलं विमान नेमून दिलेल्या वेळी उडवायला संमती असते. काढून टाकलेल्या माणसाला सोबत घेऊन, वेळेआधी, दुसरंच विमान नेण्याला कुणाची संमती? दुसरी गोष्ट, हेतू. दोघे सरहद्दीपलीकडे गेले ते चुकून नव्हे, ठरवून गेले, असा निष्कर्ष पुराव्यावरून निघाला. आणि तिसरी गोष्ट, आपला तो शब्द. न्यायालयाने स्पष्ट केलं की इंग्लिश कायदा कायमच्या हेतूची अट घालतो, आपली संहिता घालत नाही. विमानाचा तेवढ्यापुरता उपयोग स्वतःच्या कामासाठी करून घेणं हा गैरलाभ, आणि तेवढा वेळ सरकारला स्वतःच्या विमानाचा उपयोग करता न येणं ही गैरहानी. तात्पुरती असली म्हणून काय झालं? आणि हा अप्रामाणिक हेतू उड्डाणाच्या क्षणीच होता. म्हणून चोरी.

दोष कायम राहिला. शिक्षा मात्र न्यायालयाने कमी केली, जितकी भोगून झाली होती तितक्यावरच आणली. आम्हाला हा भाग तितकाच महत्त्वाचा वाटतो. हेतूचा विचार दोनदा होतो. एकदा गुन्हा झाला की नाही हे ठरवताना, आणि पुन्हा माणसाला किती शिक्षा द्यायची हे ठरवताना. पहिल्या दारातून जो सुटत नाही, त्याला दुसऱ्या दाराशी थोडी दाद मिळू शकते.

पुढे पाच-सहा वर्षांनी राजस्थानातूनच प्यारेलाल भार्गव यांचा खटला आला. तिथे सरकारी फाइल घरी नेऊन, दुसऱ्याच्या हाती देऊन, त्यातले कागद बदलले गेल्यावर परत आणून ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने तेच सूत्र पुन्हा सांगितलं. थोडा वेळ का असेना, मालकाला वस्तूपासून लबाडीने तोडलं की चोरी झाली.

त्याच महिन्यात, वॉशिंग्टनला

इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्या फेब्रुवारी १९५७ मध्ये दिल्लीत हा निकाल लागला, त्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही वाहनचोरीतल्या हेतूवर निकाल दिला. टर्ली नावाच्या माणसाने मालकाच्या परवानगीनेच मोटार घेतली होती, मित्रांना घरी सोडून परत आणायच्या बोलीवर. ती त्याने दुसऱ्या राज्यात नेऊन विकली. तिथला १९१९ चा कायदा चोरलेली मोटार राज्याबाहेर नेण्याबद्दल होता. बचाव असा की, मोटार मला दिली होती, मी ‘चोरली’ नाही. न्यायालयाने तो मान्य केला नाही. मालकाचे हक्क बुडवायच्या हेतूने घेतलेली मोटार ही या कायद्यापुरती चोरलेलीच, मग ती सुरुवातीला कशीही हाती आलेली असो.

आपल्याकडे हाच प्रसंग घडला तर? मित्राने विश्वासाने गाडी दिली आणि तुम्ही ती विकून टाकली, तर आपल्या कायद्यात सहसा ती चोरी होत नाही. कारण घेताना संमती होती. तो होतो फौजदारी विश्वासघात. म्हणजे सुटका नाही, पण गुन्ह्याचं नाव वेगळं. म्हणून आपल्याकडच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो, ‘गाडी हलली त्या क्षणी मनात काय होतं?’ नंतर काय आलं, हा पुढचा प्रश्न.

तीन महिने, तीन वर्षं, सात वर्षं

आता आपल्या नाकाबंदीतल्या मुलाकडे परत येऊ. त्याच्यापुढे आज तीन पायऱ्या आहेत.

सर्वांत खालची पायरी मोटार वाहन कायद्याची. १९८८ च्या कायद्याचं १९७ वं कलम म्हणजे मालकाच्या संमतीशिवाय किंवा इतर कायदेशीर अधिकाराशिवाय वाहन नेणं. कैद जास्तीत जास्त तीन महिने, किंवा दंड, किंवा दोन्ही. १९३० च्या ब्रिटिश कायद्यातलं ते उघडं ठेवलेलं दारही इथे आहे. मालकाने विचारल्यावर होकार दिला असता असं आरोपीला सकारण वाटत होतं, अशी न्यायालयाची खात्री झाली तर दोषसिद्धी होणार नाही. मेकॉलेच्या ग्रंथसंग्रहातलं पुस्तक आठवतंय ना? तेच तत्त्व चाकांवर बसून आलं आहे.

दुसरी पायरी चोरीची. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं कलम आता ३०३. व्याख्या जवळपास तीच, ‘कायमचं’ शब्दाशिवायची. कैद तीन वर्षांपर्यंत. आणि तिसरी पायरी नवी आहे. कलम ३०५ मध्ये घरातल्या चोरीच्या जोडीला, माल किंवा प्रवासी वाहून नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाची चोरी घातली आहे. तिथे कैद सात वर्षांपर्यंत जाते.

आता गंभीरपणे विचार करा. तीच गाडी, तीच रात्र, आणि तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतचं अंतर. मुलगा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण तिथेही तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ‘किरकोळ’ वर्गात आणि तीन ते सात वर्षांचा ‘गंभीर’ वर्गात मोडतो. कागदावर कुठलं कलम लागलं, यावर पुढे नोकरीच्या वेळची चारित्र्य पडताळणी अवलंबून असते. म्हणून ‘हेतू’ हा वकिलांचा शब्दच्छल नाही. एखाद्या घराचं भवितव्य त्यावर ठरतं.

मन दिसतं कुठे?

कुणीही विचारेल, मनातलं न्यायाधीशाला कसं कळणार? मन दिसत नाही, खुणा दिसतात. नंबर प्लेट बदलली होती का? चासी नंबर खोडला होता का? गाडी कुठे सापडली, घराच्या वाटेवर की भंगाराच्या गल्लीत? किल्लीने सुरू केली होती की तारा जोडून? आधी अशी गाडी नेली होती का, आणि तेव्हा मालक काय म्हणाले होते? पकडल्यावर पहिलं वाक्य काय निघालं? जोधपूरच्या खटल्यातही असंच झालं. कुणी मनात डोकावलं नाही. पहाटेची वेळ, दुसरंच विमान आणि काढून टाकलेला सोबती, या खुणांनी मन बोलतं केलं.

हेतू सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची, आणि तीही वाजवी शंकेच्या पलीकडे. पण एक जागा अशी आहे की तिथे माणसं अनवधानाने अडकतात. जुनी दुचाकी स्वस्तात मिळते, विकणारा म्हणतो, ‘आरसी बुक नंतर देतो.’ चोरीनंतर लवकरच ज्याच्या ताब्यात माल सापडतो, तो चोर किंवा जाणूनबुजून चोरीचा माल घेणारा असावा, असं गृहीत धरण्याची मुभा पुरावा कायदा न्यायालयाला देतो. ताब्याचा समाधानकारक खुलासा त्याला द्यावा लागतो. कागद मागितले होते, बाजारभावाने पैसे दिले, बँकेतून दिले, विकणाऱ्याचा पत्ता घेतला, हे दाखवता आलं तर प्रामाणिक खरेदीदाराचा बचाव उभा राहतो. नुसतं ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून भागत नाही, कारण कायदा ‘माहीत होतं’ इतकंच ‘तसं मानायला कारण होतं’ हेही धरतो.

‘गाडी माझीच आहे’

आता शेवटचा बचाव, आणि सर्वांत मोठाही. प्रामाणिकपणे वस्तू आपली आहे असं समजून नेली, तर चोरी नाही. चूक असली तरी नाही. अंधारात भावाची समजून दुसऱ्याचीच स्कूटर नेणारा इथे सुटतो. फक्त तो समज खरा हवा, वकिलाने नंतर शिकवलेला नको.

पण याची उलटी बाजूही मेकॉलेने लिहून ठेवली आहे. घड्याळ माझंच, दुरुस्तीला दिलेलं. दुरुस्तीचे पैसे देणं आहे, म्हणून कारागिराने तारण म्हणून ते अडवून ठेवलं आहे. ते मी त्याच्या दुकानातून गुपचूप उचललं, तर मालक असूनही मी चोर. घड्याळाच्या जागी गॅरेजातली गाडी ठेवा. ‘गाडी माझीच होती’ हा नेहमीच पुरेसा बचाव नसतो, कारण चोरी ताब्याविरुद्ध होते, मालकीविरुद्ध नव्हे.

आणि इथेच आम्हाला अस्वस्थ करणारा भाग येतो. हप्त्यांवर घेतलेला ट्रक. तीन हप्ते थकले. रात्री ढाब्यावर चार माणसं येतात, चालकाला उतरवतात, ट्रक घेऊन जातात. चालक-मालक पोलिसांत जाऊन म्हणतो, ‘माझा ट्रक चोरला.’ १९७९ मध्ये त्रिलोक सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच ट्रकचं प्रकरण आलं. न्यायालय म्हणालं, हा भाडे-खरेदी करारातला दिवाणी वाद आहे, आणि फौजदारी कारवाई रद्द केली. २००१ मध्ये चरणजित सिंग चढ्ढा यांच्या खटल्यातही तेच ठरलं. करारानुसार वाहन ताब्यात घेणाऱ्या वित्तपुरवठादाराचा अप्रामाणिक हेतू नसतो, तो आपला हक्क बजावतो, म्हणून चोरी नाही.

तर्कशास्त्राने हे बरोबर आहे. जो बचाव अंधारात चुकलेल्या मुलाला मिळतो, तोच करार हातात असलेल्या कंपनीला मिळतो. पण रस्त्यावर उतरवलेल्या चालकाच्या बाजूने बघा. त्याच्या हाती करार आहे, पण तो दुसऱ्याच्या भाषेत छापलेला आणि न वाचता सही केलेला. हे न्यायालयालाही दिसलं. २००७ मध्ये एका खाजगी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी दांडगे पाठवण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे मारले, आणि २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी नियम घातले. म्हणजे चोरीचा गुन्हा होत नसेल, तरी मारहाण, धमकी, बेकायदा अडवणूक हे गुन्हे राहतातच, आणि भरपाईचा मार्गही राहतो. ट्रक ओढून नेलेल्या माणसाला ‘चोरी’ हा शब्द जवळचा वाटतो, साहजिक आहे. पण त्याला उपयोगी पडतात ते दुसरे शब्द. चांगला वकील हे पहिल्याच भेटीत सांगतो.

समारोप करू. इंग्लंडने ‘कायमचं’ हा शब्द फाशीच्या काळात धरला आणि मोटार आल्यावर त्याला वेगळं कलम जोडावं लागलं. आपल्याकडे तो शब्द सुरुवातीलाच गळला, म्हणून ‘परत आणून ठेवणारच होतो’ एवढ्याने आपल्याकडे कुणी सुटत नाही. जोधपूरहून उडालेलं विमान परत आलं, तरी चोरी राहिली. पण त्याच कायद्याने एक माणुसकीची जागा सोडली आहे. ज्याला खरोखर वाटलं की शेजारी नाही म्हणणार नाही, त्याला तो चोर म्हणत नाही.

तेव्हा नाकाबंदीत उभ्या असलेल्या त्या मुलाला फौजदाराने खरं तर एकच प्रश्न विचारायला हवा, ‘काकांना विचारलं असतंस, तर ते काय म्हणाले असते?’ आणि हाच प्रश्न मग काकांनाही विचारायला हवा. त्या दोन उत्तरांत पुष्कळदा सगळा खटला असतो. काकांनी फोन करण्याआधी एकदा खिडकीतून हाक मारली असती, तर कदाचित खटला झालाच नसता.